डेमो आणि संग्रहाची सफर एकाच दिवशी ठेवायची असेल तर आधी कलाकृती निवडा, कलाकार नंतर

तुमचा प्रश्न मी असा समजले: जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका छोट्या कला संग्रहालयात तुम्ही स्वयंसेवक आहात, पुढच्या महिन्यात एका रविवारी कलाकाराचं प्रात्यक्षिक आणि संग्रहातल्या खास कलाकृतींची सफर असं दोन्ही ठेवायचंय, तर कोणाला बोलवावं, किती कलाकृती दाखवाव्यात, आणि लोक कंटाळून मधेच उठून जाऊ नयेत म्हणून काय करावं. जरा लांब लिहिते, कारण हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

मी व्यक्तिचित्रं रंगवते, डेमो देते, आणि बरीच वर्षं लोकांना बरोबर घेऊन संग्रहालयांमधून फिरतेय. माझं सरळ उत्तर असं की कोणाला बोलवायचं हा प्रश्न शेवटी घ्या. आधी तुमच्या संग्रहात निवांत फिरा, पाच-सहा कलाकृती निवडा, त्या कशा केल्या असतील ते शोधून काढा आणि मग तेच काम आजही हाताने करणारा माणूस शोधा. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. कुणाच्या तरी ओळखीचे चित्रकार असतात, ते येतात, हॉलमधे छान पोर्ट्रेट करतात, टाळ्या होतात, शाल-श्रीफळ, चहा, आणि मग ज्यांच्याकडे वेळ उरलाय ते वरच्या मजल्यावर जाऊन लेबलं वाचतात. खाली ऑइल पेंटिंग झालं आणि वर सगळी लघुचित्रं आणि पाषाणमूर्ती. दोन्ही चांगलंच, पण खाली दोन तास जे बघितलं त्याने वरचं काहीच उलगडलं नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण थोडा विचार केला असता तर त्याच लोकांना त्याच दिवशी कितीतरी जास्त मिळालं असतं. भिंतीवरचं चित्र कुणीतरी एकेक फटकारा मारत, पुसत, परत काढत केलेलं आहे हे प्रेक्षकाच्या डोळ्यांना दिसायला लागणं, माझ्या मते प्रात्यक्षिक यासाठीच असतं.

औंधचं उदाहरण घेते, कारण तुमच्यासारख्या छोट्या गावातलंच ते आहे. सातारा जिल्ह्यात यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मधे उभं केलं. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तन करायचे, सूर्यनमस्काराचा प्रसार तर सगळ्यांना माहीतच आहे. वेदांचे अभ्यासक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते पंडित सातवळेकर मुळात मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधे शिकलेले चित्रकार, तेही बरीच वर्षं औंधला होते. त्या एका इमारतीत राजा रविवर्म्याची सैरंध्री आहे, चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची चित्रं आहेत, किरातार्जुनीय या संस्कृत काव्यावरची पहाडी शैलीची चित्रमालिका आहे, युरोपियन चित्रांच्या प्रतिकृती आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मूल हे शिल्पसुद्धा आहे. आता 'खास कलाकृती' म्हटलं की काय होतं, लोक रविवर्मा आणि हेन्री मूर या दोन नावांसमोर उभे राहतात, फोटो काढतात आणि बाहेर येतात. पण समजा त्या दिवशी सकाळी ऑइलचं प्रात्यक्षिक ठेवलं आणि मग तोच ग्रुप सैरंध्रीसमोर, नंतर धुरंधरांच्या एखाद्या चित्रासमोर, आणि नंतर एका युरोपियन प्रतिकृतीसमोर नेला, बस तीनच चित्रं, तर काय फरक पडतो ते प्रत्यक्ष बघण्यासारखं असतं. लोक चित्राच्या जवळ जातात, मागे येतात, परत जवळ जातात, आणि कुणी न सांगता रंगाच्या थराबद्दल बोलायला लागतात.

ऑइलमधे नेमकं काय दाखवायचं ते सांगते. तैलरंग हळू वाळतो, त्यामुळे ओल्यावर ओला रंग मिसळून गालाची गोलाई, हनुवटीखालची सावली इतकी मऊ करता येते की एक छटा कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. आणि वाळल्यावर वरून पातळ, पारदर्शक थर देता येतो, त्याला आम्ही ग्लेझ म्हणतो, त्याने सावल्यांना खोली येते. पण हे थर एका सकाळी दाखवता येत नाहीत कारण मधले थर वाळायला दिवसच्या दिवस जातात. म्हणून चित्रकाराला आधीच सांगा की एकाच विषयाचे तीन-चार छोटे कॅनव्हास वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबवून आणा: एकावर नुसतं रेखाटन, दुसऱ्यावर एकाच तपकिरी रंगात छायाप्रकाश, तिसऱ्यावर रंगाचा पहिला थर, चौथा पूर्ण. हे चार कॅनव्हास टेबलावर शेजारी शेजारी मांडले की अर्धं व्याख्यान तिथेच होऊन जातं.

दुसरं म्हणजे दागिने. आपल्याकडे लोकांना रविवर्म्याच्या चित्रातले दागिने आणि जरीकाठ फार आवडतात, आणि बहुतेकांना वाटतं तिथे सोनेरी रंग लावलाय. ऑइलमधे सोनं दाखवायला सोनेरी रंग लागत नाही, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, एखादा गडद तपकिरी, आणि अगदी शेवटी पांढरट पिवळ्याचा जाड ठिपका, एवढ्यात सोनं चमकतं. चित्रकाराला नुसती एक बांगडी लोकांसमोर रंगवायला सांगा, दहा मिनिटांत होते. त्यानंतर वरच्या मजल्यावर गेल्यावर प्रत्येक बाई, प्रत्येक मुलगा तो शेवटचा ठिपका शोधतो. आणि तुमच्या संग्रहात रविवर्मा नसेल तरी घाबरू नका, त्याची छापील चित्रं म्हणजे ओलिओग्राफ अजून कितीतरी घरांत आहेत. १८९४ मधे त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांनी तो चालवला. लोकांना सांगा, आजीच्या देवघरातली लक्ष्मी, सरस्वती असेल तर घेऊन या. भिंगातून बघितलं की ठिपके दिसतात, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून एकावर एक छपाई केलेली असते. काही घरांत बायकांनी त्या छापील देवीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या असतात, अशी एक फ्रेम जरी आली तरी तिच्यासाठी वेगळं टेबल ठेवा, ती वस्तू तुमच्या संग्रहातल्या कुठल्याही चित्राच्या शेजारी शोभेल.

आता पोर्ट्रेट डेमोबद्दल, कारण तुम्ही शेवटी तेच ठेवाल असं मला वाटतंय आणि ते ठेवलं तर नीट ठेवा. महाराष्ट्रात व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकाला एक स्वतःचा प्रेक्षक आहे, पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात लोक दोन-दोन तीन-तीन तास गाण्याच्या मैफलीला बसावं तसे शांत बसतात, हे इतर ठिकाणच्या चित्रकारांना सांगितलं तर खरं वाटत नाही. हा प्रेक्षक आपोआप तयार झालेला नाही, जेजे स्कूल १८५७ पासूनचं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आणि पिढ्यानपिढ्या समोर बसलेल्या माणसावरून चित्र काढण्याचा रियाझ. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुष वेषातलं आणि एक स्त्री भूमिकेतलं, नाटकाला जाणारा प्रत्येक माणूस ती बघतो. त्यामुळे तुमच्याकडे येणाऱ्यांना चांगलं पोर्ट्रेट म्हणजे काय हे साधारण माहीत असतं असं धरूनच चला.

पहिली गोष्ट लाइट. हॉलमधल्या सगळ्या ट्यूबलाइट चालू ठेवून पोर्ट्रेट करायला लावू नका, चेहरा सपाट दिसतो आणि चित्रकाराचा अर्धा जोर तिथेच जातो. मॉडेलवर एकाच बाजूने, थोडा वरून, एक दिवा, आणि आजूबाजूचे दिवे बंद किंवा मंद. कॅनव्हासवर वेगळा छोटा दिवा, तो मॉडेलवरच्या दिव्याच्याच जातीचा, नाहीतर एक पिवळा आणि एक पांढरा असला की रंग फसतात. दुसरी गोष्ट बसण्याची व्यवस्था. चित्रकार उजव्या हाताने काम करणारा असेल तर त्याच्या उजव्या बाजूला बसलेल्या लोकांना फक्त खांदा आणि कोपर दिसतं, त्यामुळे खुर्च्या त्याच्या पाठीमागे आणि डावीकडे लावा, आणि मॉडेल आणि कॅनव्हास दोन्ही एका नजरेत आले पाहिजेत, तरच लोकांना तुलना करता येते आणि तुलना करता येणं हीच तर सगळी मजा आहे. पन्नासच्या वर लोक असतील तर कॅमेरा लावून पडद्यावर दाखवा, पण कॅमेरा फक्त कॅनव्हासवर नको, अधूनमधून पॅलेटवर न्या. रंग कसा मिसळला जातोय हे फार लोकांनी कधी बघितलेलं नसतं.

मॉडेल म्हणून बसणाऱ्याची काळजी घ्या. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती द्यायचीच, आणि उठायच्या आधी पायांच्या जागी, खुर्चीच्या पायांशी टेपने खुणा करून ठेवा, बघायला समोरच्या भिंतीवर एक ठिकाण ठरवून द्या. सुंदर, तरुण चेहराच पाहिजे असा आग्रह बरेच आयोजक धरतात, तो सोडा. साठी-सत्तरीचा चेहरा, मोठं नाक, मुंडासं, कपाळावरच्या आठ्या, अशा चेहऱ्यात चित्रकाराला पकडायला काहीतरी मिळतं आणि प्रेक्षकालाही साम्य लवकर कळतं. गावातले एखादे निवृत्त शिक्षक, बाजारातल्या भाजीवाल्या मावशी, त्यांना रीतसर विचारा, मानधन द्या.

पहिली वीस मिनिटं सगळ्यात अवघड असतात. चित्रकार डोळे बारीक करून बघत असतो, कारण डोळे बारीक केले की पापण्या, सुरकुत्या नाहीशा होतात आणि फक्त उजेड आणि अंधाराचे मोठे तुकडे उरतात, तेच तो आधी मांडतो. कॅनव्हासवर तेव्हा माणूस दिसत नाही, डाग दिसतात, आणि नेमकं तेव्हाच मागच्या रांगेतले लोक मोबाईल काढतात. इथे कुणीतरी बोललं पाहिजे. काही चित्रकार रंगवता रंगवता छान बोलतात, बऱ्याच जणांना ते जमत नाही आणि त्यात काही गैर नाही, तेव्हा शेजारी एक जाणकार माणूस माईक घेऊन बसवा, पण त्याने चित्रकाराचं कौतुक करत बसू नये, समोर काय घडतंय ते सांगावं. आता त्यांनी सावलीच्या बाजूला थंड रंग घातला, आता कानाची कड मुद्दाम पुसली म्हणजे कान मागे जाईल, आता नाकाच्या शेंड्याची कड धारदार ठेवली. सगळ्या प्रेक्षकांना एकदा डोळे बारीक करून मॉडेलकडे बघायला सांगा, सगळा हॉल ते करतो आणि त्या क्षणापासून लोक चित्रकाराच्या बाजूने बघायला लागतात.

वेगाचं कौतुक मात्र करू नका. वीस मिनिटांत पोर्ट्रेट, एका रेषेत गणपती, डोळ्याला पट्टी बांधून चित्र, हे प्रकार मी समजू शकते, गर्दी जमते, पण संग्रहालयात ते नको. संग्रहालयातली बहुतेक चित्रं कुणीतरी महिने घालवून केलेली आहेत आणि त्या दिवशी आलेल्या मुलाच्या मनात लवकर म्हणजे भारी असं ठसलं तर त्याला वरच्या मजल्यावर काय दिसणार. साम्य आलं की टाळ्या वाजवायची पद्धतही हळूच थांबवा, साम्य आल्यानंतरचा अर्धा तास खरा बघण्यासारखा असतो, चांगला चित्रकार तेव्हा नको ते काढून टाकत असतो.

तुमच्याकडे लघुचित्रं असतील तर माझ्या मते तुम्ही जास्त नशीबवान आहात, कारण लघुचित्राचं प्रात्यक्षिक फार कमी ठिकाणी होतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासमीक्षक कार्ल खंडालावालांच्या संग्रहाचं वेगळं दालन आहे, तिथे गेलात तर लोक प्रत्येक चित्रासमोर चार सेकंद थांबून पुढे जाताना दिसतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण चित्र वहीच्या पानाएवढं आणि दिवे मंद. पण हेच काम समोर बसून करणारा कारागीर बघितला की सगळं बदलतं. आधी कागदावर कागद चिकटवून केलेली जाड वसली, मग खाका म्हणजे कच्चं रेखाटन, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, परत रेघ, मग रंग भरणं. आणि मधे मधे चित्र पालथं घालून गुळगुळीत अकीकाच्या दगडाने घोटणं, त्याने रंगाचे कण एकमेकांत दबून बसतात आणि ती जी आतून आल्यासारखी तुकतुकी असते ती येते. घोटण्याचा तो आवाज लोकांना ऐकू द्या, माईक जवळ न्या. शिंपल्यांत कालवलेले रंग, हिंगूळ, हरताळ, नीळ, गेरू, काजळ, त्यात बाभळीच्या जातीचा डिंक, आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या परंपरेतला ब्रश, ज्याचं टोक जवळजवळ एका केसाचं. सावलीसाठी सपाट रंग फासायचा नाही, बारीक ठिपके आणि रेघा देत जायचं, त्याला परदाज म्हणतात. एवढं बघून माणूस दालनात गेला की तो आपसूक खाली वाकतो. बसोहली या पहाडी शैलीच्या चित्रांत पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखांचे हिरवे तुकडे चिकटवलेले असतात, हे नुसतं सांगून उपयोग नाही, सरळ समोर उभं राहून एका बाजूने डोकं हलवायला सांगा, तुकडा चमकतो. मुलं तर तिथून हलत नाहीत.

हरताळ आणि हिंगूळ विषारी आहेत, एक आर्सेनिकचं, एक पाऱ्याचं, त्यामुळे ते बघण्यापुरतेच, बंद बाटलीत. मुलांना हात लावायला गेरू, काजळ, खडू द्या.

चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन कथा सांगायची लोककला, असेल तर सगळा विचारच वेगळा करावा लागतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठण शैलीची चित्रकथीची चित्रं आहेत, मोठे डोळे, रामायण-महाभारतातले प्रसंग. काचेमागे ती नुसती चित्रं वाटतात. पण ती गाण्यासाठी केलेली आहेत, दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, कथा पुढे सरकली की पान उलटायचं. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले कलाकार अजून हे करतात, त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मधे पद्मश्री मिळाली. अशा वेळी कुणाला तरी ती चित्रं रंगवायला बसवणं हे प्रात्यक्षिक नव्हेच, गाणारे, टाळ, हुडुक हे छोटं चर्मवाद्य, वीणा आणि पानं उलटणारा हात, हे प्रात्यक्षिक. आधी कथा ऐकवा आणि मग काचेसमोर न्या, लोक चित्रातल्या माणसांना नावाने ओळखायला लागतात.

वारलीबद्दल मला थोडं कळकळीने सांगायचंय. पालघर-डहाणूकडचे कलाकार बोलावणं सोपं झालंय, म्हणून ते सगळीकडे बोलावले जातात आणि बऱ्याचदा कोपऱ्यात सतरंजी टाकून बसवले जातात, मागे बोर्डवर फक्त 'आदिवासी कलाकार' असं लिहिलेलं. हे करू नका. नाव लिहा, गाव लिहा, इतर कुठल्याही चित्रकाराला देता तेवढंच मानधन द्या, तेवढ्याच उंचीवर बसवा, त्यांना बोलायचं असेल तर माईक द्या आणि आपल्या बोलीत बोलणार असतील तर समजून सांगणारं माणूस शेजारी ठेवा. जिव्या सोमा मशे यांचं काम १९८९ मधे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेलं होतं, २०११ मधे त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मधे ते गेले, ही माहिती लोकांना द्या. आणि मूळ लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सुवासिनी काढायच्या, त्यात पालघट देवी, हेही सांगा, म्हणजे कागदावर आणि कापडावर आज जे दिसतं ते भिंतीवरून, बायकांच्या हातातून आलं हे कळेल. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यात डिंक, बांबूची काडी चावून टोकाला केलेला ब्रश, गेरूने सारवलेली पार्श्वभूमी. दोन त्रिकोण जोडून माणूस होतो हे मुलं लगेच करून बघतात, पण कलाकाराला विचारा की तारपा या फुंकवाद्याच्या तालावरच्या नाचाचा वेढा काढताना सुरुवात कुठून करतात, तिथे खरं कौशल्य आहे.

सफरीबद्दल. पंचेचाळीस मिनिटांत पाच किंवा सहा कलाकृती, जास्त नाही. ग्रुप पंधरा-वीसचा, जास्त लोक आले तर तुकड्या करा, एक तुकडी डेमोच्या टप्प्यांच्या टेबलापाशी आणि एक दालनात. प्रत्येक कलाकृतीसमोर पहिलं एक मिनिट कुणीच बोलायचं नाही, तुम्हीही नाही. मग विचारा काय दिसतंय, आणि जे उत्तर येईल ते पुसू नका, त्याला धरून पुढे जा. लेबलवर लिहिलेलं वाचून दाखवू नका, ते लोकांना वाचता येतं. साल, शैली, राजघराणं हे शेवटी, आणि तेही थोडक्यात. सहापैकी एक तरी कलाकृती अशी निवडा की जिच्यासमोर एरवी कुणी थांबत नाही, कोपऱ्यातलं छोटं रेखाटन, अर्धवट राहिलेलं चित्र असेल तर फारच उत्तम, कारण अर्धवट चित्रात कामाचे टप्पे उघडे असतात. कोल्हापूरच्या बाजूला असाल आणि अबालाल रहिमान यांचं एखादं छोटं निसर्गचित्र तुमच्याकडे असेल तर जलरंगाचा डेमो ठेवा, कागदाचा पांढरा राखून उजेड कसा आणतात ते सकाळी दाखवा. अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या पावडर शेडिंगबद्दल कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, बाहेर फार कमी लोकांना, तो तर बोटांनी आणि पावडरने करायचा प्रकार, मुलांसाठी एकदम योग्य.

आणि सफरीच्या शेवटी प्रत्येकाला पेन्सिल आणि कागद देऊन एका कलाकृतीतला एकच तुकडा काढायला लावा, एक हात, एक पाऊल, एक झाडाचं पान. मला चित्र येत नाही म्हणणारे सगळ्यात जास्त रमतात. बघून काढणं ही आपल्याकडची जुनी शिकण्याची पद्धत आहे, जेजेचे विद्यार्थी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. लंडनला नेलेल्या त्यातल्या कितीतरी प्रती पुढे आगीत गेल्या, पण ते हात तयार झाले ते झालेच.

सुरक्षेचं थोडं, पण यात तडजोड नको. ओले रंग, टर्पेंटाइन, ओली माती, पाण्याची भांडी, हार-फुलं, खाणं यातलं काहीही दालनात जाता कामा नये, डेमो व्हरांड्यात किंवा वेगळ्या हॉलमधे, खिडक्या उघड्या. दालनात फक्त पेन्सिल, पेनसुद्धा नाही. कागदावरच्या आणि कापडावरच्या कलाकृतींना साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको, ऑइलला २०० पर्यंत चालतो, फ्लॅश बंद, आणि व्हिडिओवाल्यांना त्यांचे दिवे आत आणू देऊ नका, मग ते कितीही मोठ्या चॅनलचे असोत. लोकांना दालनात अंधार का आहे हे विचारायचा हक्क आहे, त्यांना कारण सांगा, उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. मंद उजेडात डोळे सरावायला पाच मिनिटं लागतात, म्हणून लघुचित्रं सफरीच्या सुरुवातीला ठेवू नका.

पैशांचं आधी लेखी ठरवा. मानधन, प्रवास, राहणं, मटेरियल, आणि झालेलं चित्र कोणाचं, हे पाचही. चित्र संग्रहालयाला पाहिजे असेल तर त्याची वेगळी किंमत द्यावी असं माझं ठाम मत आहे, मानधन हे वेळेचं असतं. मॉडेलला चित्र मिळणार असं आयोजक परस्पर सांगून टाकतात आणि मग चित्रकाराची पंचाईत होते.

वेळ साधारण अशी ठेवा: सकाळी दहाला डेमो सुरू, मधे एक मोठी विश्रांती धरून साडेबारापर्यंत, चहा, मग लगेच सफर, जेवणानंतर ठेवलीत तर अर्धे लोक घरी जातील. कंटाळ्याची भीती तुम्ही फार मनावर घेऊ नका, हाताने चाललेलं काम बघायला माणसं आपणहून थांबतात, त्यांना फक्त नीट दिसलं पाहिजे आणि बसायला खुर्ची पाहिजे. दहा वर्षांखालची मुलं अडीच तास बसणार नाहीत, त्यांच्यासाठी बाजूला गेरू-काजळाचं टेबल आणि एक धीराचा स्वयंसेवक ठेवा, पालकांना बघता येईल. आणि डेमोचे ते चार टप्प्यांचे कॅनव्हास, वापरलेली पॅलेट आणि ब्रश, चित्रकाराची परवानगी घेऊन पुढचा महिनाभर त्या दालनाच्या दाराशी मांडून ठेवा, शेजारी चित्रकाराचं नाव आणि आतल्या कुठल्या चित्राकडे बघायचं ते दोन ओळींत लिहून. रविवारी येऊ न शकलेल्यांनाही त्याचा उपयोग होतो. तुमच्या संग्रहात नेमकं काय काय आहे ते कळवलंत तर कुठला डेमो जुळेल ते मी नक्की सांगेन.